धाव बसू नये म्हणून

रात्रीचे पावणेतीन. आमच्या अतिथंड पेटीच्या, क्रायोस्टॅटच्या, पोटातलं तापमान ८० केल्विनवर, म्हणजे शून्याखाली १९३ अंशांवर, येऊन टेकल्याला दहा तास झाले होते. स्क्रीनवरचे काळे-पांढरे पट्टे सरळ असायला हवे होते. ते एका बाजूने दबले होते, भाकरी थापताना कडेला अंगठा लागावा तसे. शेजारी बसलेल्या ऑप्टिक्सवाल्या सहकाऱ्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. पट्टे तसेच.

"खिडकी असेल," तो म्हणाला.

मी गप्प. खिडकी निघाली तर त्याचं काम वाढणार होतं, कडं निघालं तर माझं. आणि कडंच असणार, असं मला आतून वाटत होतं.

मी भिंगांची कडी करते. जर्मनीतल्या एका संस्थेत, अवकाश दुर्बिणीवरच्या अवरक्त कॅमेऱ्यांसाठी. गावाकडे कुणी विचारलं की मी एवढंच सांगते. मग समोरचा म्हणतो, म्हणजे चष्म्याच्या फ्रेमसारखं? हो, म्हणते मी. चष्म्याची फ्रेमच. फक्त ती खोलीत बसवायची, रॉकेटवर चढवून हादरवायची आणि मग तिला शून्याखाली दोनशे अंशांजवळ नेऊन सोडून द्यायची. त्यानंतर तिला कुणी हात लावणार नाही. आणि तरीही नंबर बदलता कामा नये.

एवढी थंडी लागते कारण अवरक्त प्रकाश हा उष्णतेचाच भाऊबंद. दुर्बीण कोमट असली तर ती स्वतःच अवरक्तात उजळते, आणि त्या उजेडात लांबच्या दीर्घिकांचा उजेड शोधणं म्हणजे पेटत्या भट्टीसमोर बसून काजवा शोधणं. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचे आरसे म्हणूनच ५० केल्विनच्या आसपासच्या थंडीत काम करतात आणि तिच्यावरच्या मिरी या उपकरणाला ७ केल्विनच्याही खाली न्यायला वेगळं शीतयंत्र जोडलेलं आहे. त्या मानाने आमचे ८० केल्विन म्हणजे महाबळेश्वर.

थंडीत सगळं आकसतं हे शाळेतलं ज्ञान. अडचण ही की सगळं सारखं आकसत नाही. खोलीच्या तापमानापासून द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत नेलं तर अ‍ॅल्युमिनियम मीटरमागे जवळजवळ ४ मिलिमीटर आकसतं. आमचं भिंग कॅल्शियम फ्लोराइडचं, ते ३ मिलिमीटरच्या आसपास. टायटॅनियम दीड. भिंगाचा व्यास १२० मिलिमीटर. हिशेब केला तर अ‍ॅल्युमिनियमचं कडं भिंगापेक्षा व्यासात सुमारे ०.१२ मिलिमीटर जास्त आकसतं, म्हणजे प्रत्येक बाजूने ६० मायक्रॉन. एका केसाची जाडी. ऐकायला काहीच नाही.

पण मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वाढले आहे. वडिलांचं लेथचं दुकान होतं, अजून आहे. आणि आजोळी, लहानपणी, मी बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिली आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. लोहार ती चाकापेक्षा जरा लहानच करतो. मग शेणींच्या आरात ती लाल होईपर्यंत तापवतात. तापली की फुगते. चौघं जण सांडशीत धरून ती धावत आणतात, चाकावर टाकतात, घणाने ठोकतात आणि घागरीने पाणी ओततात. धूर, वाफ, आणि त्या सगळ्यातून लाकडाचा करकर आवाज. धाव आवळते, आरे तुंब्यात घट्ट जाऊन बसतात. त्यानंतर ते चाक दगडधोंड्यांतून वर्षानुवर्षं चालतं. तिथेही फरक काही फार मोठा नसतो. पण त्या फरकातली ताकद मी कानाने ऐकलेली आहे.

तर भिंगाभोवती अ‍ॅल्युमिनियमचं साधं कडं घातलं की तीच धाव. चाक बाभळीचं होतं म्हणून सोसलं. कॅल्शियम फ्लोराइड हा स्फटिक मऊ आणि तापट. ठरावीक पातळ्यांवर खडीसाखरेसारखा चिरतो, आणि अचानक थंडी-ऊब तर त्याला अजिबात खपत नाही. वेबच्या निअरकॅम कॅमेऱ्यात लिथियम फ्लोराइडची भिंगं आहेत. ते तर अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही जास्त आकसतं आणि याहून हळवं. ती कडी ज्यांनी केली त्यांना माझा लांबूनच नमस्कार.

मग सैल ठेवा कडं, असं कुणीही म्हणेल. भिंगाचं वजन सुमारे ९०० ग्रॅम. उड्डाणाच्या हादऱ्यांत त्याच्यावर गुरुत्वाच्या ४० पट जोर येईल असं धरून आम्ही डिझाइन करतो. म्हणजे ३६ किलोचं ओझं, आणि तेही खडखडत. सैल भिंग पहिल्या मिनिटातच फुटेल. उड्डाण होतं ते खोलीच्या तापमानाला. थंडी नंतर, वर गेल्यावर. तेव्हा जाताना घट्ट धरायचं आणि पोचल्यावर आवळायचं नाही, असं दुहेरी मागणं.

यावरचं आमचं उत्तर म्हणजे लवचीक पाती, फ्लेक्शर. कड्याच्या आतल्या अंगाला तीन ठिकाणी छोट्या गाद्या असतात. प्रत्येक गादी अर्धा मिलिमीटर जाडीच्या पात्यावर लटकलेली. हे पातं वेगळं जोडलेलं नसतं, त्याच कड्यातून वायरकटने कापून मोकळं केलेलं असतं, आणि त्याच्या पाठीमागे ०.३ मिलिमीटरची चीर. भिंग तीन गाद्यांना चिकटवायचं. तीन जणांनी कोपर वाकवून एक मोठी परात धरली आहे अशी कल्पना करा. तिघं एकेक पाऊल पुढे आले तर कोपरं वाकतात, परात जागची हलत नाही. पण परात कुणी आडवी ओढायला गेलं तर तिघं मिळून तिला सोडत नाहीत. पातं आत-बाहेर मऊ, आडव्या-उभ्या दिशेला ताठ. कडं ६० मायक्रॉन आकसलं की मागची चीर तेवढी बुजते, भिंगाला कळतही नाही.

कागदावर.

कागदाचीही एक गंमत आहे. आमच्या प्रत्येक ड्रॉइंगवरची मापं २० अंश सेल्सिअसची असतात. ते प्रमाण तापमान ठरवणारं मानक हे आयएसओचं क्रमांक एकचं मानक. म्हणजे मी आयुष्यभर अशा वस्तूंची चित्रं काढते ज्या त्या चित्राच्या तापमानाला कधीच काम करणार नाहीत. वेबच्या बेरिलियमच्या आरशांचं तर याहून पुढचं: ते अलाबामात थंडगार कोठीत नेऊन मोजले, थंडीत जिथे जेवढे वाकतात तेवढे उलटे घासले आणि परत मोजले. खोलीत ठेवलात तर ते मुद्दाम चुकीचे आहेत.

असो. पावणेतीन वाजले होते.

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आले आणि वडिलांना फोन लावला. तिकडे सव्वासहा. अण्णा चहा घेऊन दुकानाला निघायच्या बेतात असतात.

"काय गं, एवढ्या रात्रीचं? बरं हाय न्हवं?"

"बरं आहे अण्णा. टेस्ट चाललीय. भिंग दबतंय."

"कुठं दबतंय?"

"एका बाजूला. तीन ठिकाणी धरलंय, त्यातल्या एकाच जागी."

पलीकडे कपबशीचा आवाज. "मग ह्यो मापाचा दोष न्हवं. मापाचा असता तर तिन्हीकडं आला असता. काहीतरी अडकलंय बघ. जेवलीस का?"

हे मला कळत नव्हतं असं नाही. पण रात्रभर जागून, समोर सहा आकडी किमतीचं भिंग ठेवून, आपण चार वर्षं ज्याच्यामागे घालवली ते डिझाइनच चुकलं की काय या भीतीत बसलेल्या माणसाला साधी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते. जेवले नव्हते. जेवले म्हणाले.

परत आत आले तर खिडकीवरून वाद सुरूच. क्रायोस्टॅटला एक काचेची खिडकी असते, तिच्यातून इंटरफेरोमीटरचा लेसर आत जातो, भिंगातून जाऊन परत येतो आणि पट्टे काढतो. आत निर्वात, बाहेर हवेचा दाब, त्यामुळे खिडकी किंचित आत वाकते आणि तिचा दोष पट्ट्यांत मिसळतो. सहकाऱ्याचं म्हणणं अगदी बिनबुडाचं नव्हतं. आम्हाला अपेक्षा होती २० नॅनोमीटरच्या आसपासच्या दोषाची. मिळत होते १३०. लेसरच्या तरंगलांबीचा पाचवा हिस्सा.

उघडून बघा ना, असं तुम्ही म्हणाल. तीच तर या कामाची खोड. स्फटिक चिरू नये म्हणून आम्ही तासाला ५ अंशांपेक्षा जोरात थंड करत नाही. दोनशेहून जास्त अंश उतरायला जवळजवळ दोन दिवस, चढायला दोन दिवस, निर्वात करायला वेगळा वेळ. एक प्रश्न विचारायचा म्हणजे पाच दिवस. सुरू केलेली चाचणी मध्येच सोडून देता येत नाही. २०१७च्या ऑगस्टमध्ये वेब दुर्बीण ह्यूस्टनच्या मोठ्या कोठीत अशीच थंड होऊन बसली होती आणि हार्वी वादळ आलं. शहर पाण्याखाली, पण तिथल्या लोकांनी कोठी गरम होऊ दिली नाही.

खिडकी की कडं, हे न उघडता ठरवायचा एक रस्ता होता आणि तो सहकाऱ्यालाच सुचला. आपली बाजू खरी करायच्या जिद्दीत सुचला, पण सुचला. गरम करताना निर्वात सोडायचं नाही. वीस अंशांवर येईपर्यंत पंप चालू ठेवायचा आणि दर दहा मिनिटांनी पट्ट्यांचा फोटो घ्यायचा. दोष खिडकीचा असेल तर हवेचा दाब आहे तोवर तो जसाच्या तसा राहील. कड्याचा असेल तर तापमानाबरोबर उतरेल.

सकाळी सहाला हीटर सुरू केले आणि दोघं आपापल्या घरी झोपायला गेलो.

दोन दिवसांनी आलेख समोर आला. दोष उतरला होता. खिडकी सुटली. पण तो ज्या पद्धतीने उतरला ते बघून मी खुर्ची पुढे ओढली. नुसता आकसण्याचा फरक असता तर रेष शेवटपर्यंत एका चालीने खाली आली असती. इथे ती शून्याखाली ४० अंशांपर्यंत हळूहळू उतरत होती आणि तिथून पुढे एकदम कोसळली होती. अ‍ॅल्युमिनियमचं त्या तापमानाला काही विशेष घडत नाही. भिंगाचंही नाही. घडतं ते गोंदाचं.

आम्ही वापरतो तो राखाडी, दोन भागांचा इपॉक्सी. खोलीत तो चिवट, दाबला तर जरा दबणारा, चामड्यासारखा. म्हणूनच तो निवडतात. थंडीत मात्र त्याचं चामडेपण जातं आणि दगड होतो. म्हणजे कुठेतरी असा गोंद होता जो तिथे असायला नको होता. थंडीत दगड होऊन वाट अडवत होता, गरम झाला की मऊ पडून निरपराध दिसत होता.

क्रायोस्टॅट उघडला, कडं बाहेर काढलं. आमच्या वर्कशॉपचे प्रमुख निवृत्तीला आलेले गृहस्थ. इथे त्यांना माइस्टर म्हणतात. आमच्याकडे मिस्त्री. पहिल्याच आठवड्यात मला त्या दोन शब्दांची गंमत वाटली होती, आणि माणसंही सारखीच निघाली. कमी बोलणार, आणि हातातली वस्तू डोळ्यांनी आधी मोजणार. त्यांनी भिंगाचा उजेड चुकवत कडं तिरपं केलं, फीलर गेजमधलं, म्हणजे फटी मोजायच्या पातळ पोलादी पानांच्या जुडग्यातलं, ०.१ मिलिमीटरचं पान काढलं आणि पहिल्या गादीमागच्या चिरेत घातलं. सरसर तळापर्यंत. तिसरी, तळापर्यंत. दुसरी.

पान आठ मिलिमीटर आत गेलं आणि थांबलं. चीर बारा मिलिमीटर खोल आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, एवढी सभ्यता त्यांनी दाखवली.

चिकटवताना आम्ही गोंद पिचकारीने भरतो. कड्याला बाहेरून एक बारीक भोक, सुई त्या भोकातून चीर ओलांडून गादीच्या भोकात जाते आणि गोंद भिंग व गादी यांच्यामध्ये पसरतो. दुसऱ्या गादीशी सुई काढताना थेंबभर गोंद मागे आला असणार आणि चिरेत पडला असणार. कडं तेव्हा सपाट पाटावर आडवं ठेवलेलं. थेंब ओघळून चिरेच्या तळाशी जाऊन बसला आणि आठवडाभरात तिथेच वाळला. अर्ध्या मसुराएवढी चकती असेल. वरून बघावं तर अंधार, खाली पाट, आरपार उजेड दिसायची सोय नाही. आणि बाकीची दोन पाती आडव्या दिशेला ताठ, त्यामुळे भिंगाला बाजूला सरकून सुटकाही नव्हती. तिन्ही गाद्यांपैकी एका गादीपुरती धाव बसली होती.

हे कुणी तपासायला हवं होतं? कार्यपद्धतीत ओळ होती: सर्व चिरा फीलरने तपासणे. ती ओळ मी लिहिली होती. समोर बरोबरची खूण होती, तारीख होती, सही होती. माझीच. फीलर मी घातला होता, मोकळा गेला होता, मी पुढच्या गादीकडे वळले होते. किती खोल घालायचा हे मी लिहिलंच नव्हतं, आणि पाहिलंही नव्हतं.

पुढचे तीन दिवस बैठकांत गेले, त्यांचं वर्णन करत नाही. असं काही झालं की त्याचा रीतसर अहवाल लागतो, मंडळ बसतं. सुदैवाने हे उड्डाणाचं भिंग नव्हतं, पात्रता चाचणीचं होतं. एका ज्येष्ठ बाईंनी बैठकीत हबल दुर्बिणीवरच्या निकमॉस या अवरक्त कॅमेऱ्याची आठवण काढली. ते १९९७च्या फेब्रुवारीत बसवलं. त्याला थंड ठेवायला गोठवलेला नायट्रोजन होता. तो प्रसरण पावला, टाकी विद्रूप झाली आणि आतला एक थंड भाग शेजारच्या गरम भागाला टेकला. एवढ्या टेकण्याने साडेचार वर्षं पुरायचा नायट्रोजन १९९९च्या जानेवारीत संपला. पुढे २००२ मध्ये अंतराळवीरांनी नवीन शीतयंत्र जोडून ते उपकरण परत चालू केलं. आमची दुर्बीण जिथे जाणार आहे तिथे, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, कुणी पाना घेऊन येत नाही. बाई रागावल्या नव्हत्या. त्या बोलत असताना मी टेबलाच्या कडेचा लॅमिनेट बघत बसले.

गोंद काढायचा कसा? रसायन लावलं तर मुख्य सांधाही सुटेल. तापवलं तर स्फटिक. अखेरीस निर्णय माइस्टरांवर सोडला. त्यांनी फीलरचं एक जुनं पान घेतलं, हातातल्या छोट्या भिंगातून बघत त्याच्या कडेला सुईकानशीने दाते पाडले. ०.१ मिलिमीटर जाडीची करवत. भिंगावर संरक्षक फिल्म चढवली, मी हातात व्हॅक्यूमची नळी धरून चिरेच्या तोंडाशी उभी राहिले, आणि ते कापू लागले. ढकलायचं नाही, फक्त मागे ओढायचं. दहा वेळा ओढलं की थांबायचं, भुसा शोषायचा, सूक्ष्मदर्शकातून बघायचं. अडीच तास. मध्ये एकदा त्यांनी हात झटकला आणि म्हणाले, "तुमच्या गावात हे कसं करतात?" मी म्हणाले, आमच्या गावात एवढी बारीक चीर कुणी ठेवत नाही. ते हसले आणि परत दहा वेळा ओढलं.

पान तळाला टेकलं तेव्हा आवाज झाला. बारीकच, पण झाला. खालच्या पाटावर पोलाद टेकल्याचा.

दुसऱ्यांदा थंड केलं तेव्हा मी रात्री थांबले नाही. म्हणजे घरी गेले, पण झोपले नाही. सकाळी पोचले तर सहकारी आधीच बसलेला आणि स्क्रीनवर पट्टे. सरळ म्हणावेत असे. नीट बघितलं तर तीन बाजूंना अगदी पुसट, सारख्या लाटा. तीन गाद्यांच्या तीन. गणितात होत्या तशाच. २३ नॅनोमीटर.

अण्णांना फोन केला.

"काय, बसली का धाव?" त्यांना सगळं सांगितलं होतं, त्यामुळे खोचक आवाजात.

"नाही बसली, अण्णा."

"ब्येस. आता जेवून घे."

उड्डाणाचं भिंग चिकटवलं ते पुढच्या वर्षी. यावेळी कडं पाटावर आडवं ठेवलं नाही, चिरा खालून उघड्या राहतील असं तीन खांबांवर उचललं, खाली दिवा ठेवला. प्रत्येक चिरेत टेफ्लॉनची पट्टी घातली आणि वाळल्यावर काढली. कार्यपद्धतीतली ओळ आता अशी आहे: 'सर्व चिरा ०.१ मिमी फीलरने तळापर्यंत, १२ मिमी, तपासणे, खोली नोंदवणे.' त्यापुढे तीन रकाने आहेत. मी तिन्हींत १२ लिहिलं, फीलर पुसून डबीत ठेवला, परत काढला, दुसऱ्या चिरेत पुन्हा एकदा घातला आणि मग सही केली.